सहा तारांची मोळी

दौंड,
२ नोव्हेंबर १९७०

चि. बन्सी यास मामाचा जय भीम आणि आशीर्वाद.

तुझे पत्र दसऱ्याच्या आधी आले आणि मी उत्तर आज लिहितो आहे, याचा राग मानू नकोस. पत्र विसरलो नव्हतो. उलट इतक्या वेळा वाचले की घडीवर फाटले. उत्तर लिहायला बसलो की एक नवी काळजी सुचायची, मग वाटायचे हीसुद्धा विचारून घेऊ. असे करता करता दिवाळी गेली. तुझी मामी म्हणाली, "तुमच्या काळज्या सरायची वाट बघितली तर पोरगा म्हातारा हुईल. जेवढ्या गोळा झाल्यात तेवढ्या धाडा." म्हणून धाडतो.

पहिली काळजी इंजिनाची. तुझ्या मिलिटरीच्या लिलावातल्या पेट्रोलच्या ट्रकाचे इंजिन फुटले, आणि तू पुण्याच्या भंगारातून दुसऱ्याच जातीचे इंजिन आणून त्यात बसवलेस, हे वाचून माझी छाती धडधडली. एका बैलात दुसऱ्याचे काळीज घालावे तसे हे काम. पण पहिल्याच हँडलला ते सुरू झाले असे तू लिहितोस! ते वाक्य मी तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवले. शेजारच्या खोलीतल्यांनाही दाखवले.

दुसरी काळजी न्हावऱ्याच्या दुधाची. सोसायटीचे दूध रोज सकाळी शिरूरच्या शीतकेंद्रावर न्यायचे काम तुला देतो, पण आधी एक फेरी बघतो, असे चेअरमन सर्जेराव म्हणाले. माणूस सरळ असेल. पण सोसायटीत ते एकटे नाहीत. गावाचे दूध आपल्या बौद्ध माणसाच्या गाडीतून जाणार, हे किती जणांना गोड लागले असेल देव जाणे, म्हणजे कोण जाणे. बन्सी, गाडी वाटेत बंद पडून दूध नासले तर कोणी इंजिनाला नावे ठेवणार नाही. आपल्याला ठेवतील. आणि मग तुझ्यानंतर आपल्यातला दुसरा कोणी ते काम मागायला गेला तरी त्याला हेच ऐकवतील. म्हणून गाडी बंद पडता कामा नये.

तिसरी काळजी वाचून मात्र, खरे सांगतो, मला आनंद झाला. जुन्या इंजिनात प्लग एका अंगाला आणि धुराचा नळ दुसऱ्या अंगाला होता. नव्यात दोन्ही एकाच अंगाला. त्यामुळे प्लगच्या सहाही तारा तापलेल्या नळावरून जातात, आणि थोडे अंतर गेले की त्यांचे रबर मऊ पडून घाण वास सुटतो. अरे, उष्णतेशीच तर माझा जन्म गेला! विजेतले मला ओ का ठो कळत नाही, पण लोको शेडमध्ये वाफेच्या नळांना ॲसबेस्टॉसचा दोर गुंडाळायचे काम मी रिटायर होईपर्यंत केले.

शेडच्या साहेबांना विचारून भंगारातला चांगला दोर निवडून आणला आहे. शिरूर एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी देतो. आता नीट ऐक. सहाही तारा एकत्र घे. उसाची बांधतात तशी त्यांची एक मोळी कर. सुट्या सोडल्या तर सहा ठिकाणी घोर. मोळीवर दोर गुंडाळ, फेऱ्याला फेरा चिकटून, मध्ये नखभर फट नको. तोंडाला फडके बांध, दोराचा धुरळा घशात जातो.

साळूला सांग, तिचा भाऊ कामाला लागला आहे.

तुझा मामा,
म्हाळू


शिरूर,
११ नोव्हेंबर १९७०

आदरणीय मामांना बन्सीचा सविनय जय भीम.

पिशवी पोचली. कंडक्टरने ती दोन बोटांत धरून दिली. म्हणाला, "वाटंतनं दोनदा हालली. आत अजगार हाय का काय?"

तुम्ही सांगितले तसेच केले. मोळी बांधली, दोर गुंडाळला, वरून बारीक तार आवळली. मामा, असे देखणे काम झाले आहे की मी बॉनेट उघडून नुसता बघत बसतो. शिक्रापूरपर्यंत गाडी नेऊन आणली आणि उतरल्याबरोबर मोळीला हात लावला. गार! वास नाही, धूर नाही. रबर जसेच्या तसे.

सर्जेरावआबा शिरूरला बाजाराला आले होते, ते गाडी बघायला थांबले. बॉनेटमध्ये डोके घालून म्हणाले, "ह्ये काय रं? इंजिनाला मिशी फुटली व्हय?"

मी म्हटले, "आबा, ही माझ्या मामांची मोळी हाय. आता तारा तापायच्या न्हाईत."

"मामा काय करत्यात?"

"रेल्वेत होते. वाफंच्या नळाचं काम."

"आसं. पर दूध रेल्वेवानी आणू नगं बाबा, टायमात आण." आणि स्वतःच्याच बोलण्यावर असे हसले की त्यांची टोपी इंजिनावर पडली.

एवढे बोलले, पण जाताना फेरी कधी घ्यायची तेही विचारून गेले. म्हणजे त्यांच्या मनात आहे. मामा, मला रात्री झोपेतसुद्धा दुधाचे कॅन वाजताना ऐकू येतात!

एक बारीक गोष्ट. गाडीवर जरा वजन टाकले की इंजिन खोकते. मध्येच फट्‌ करते आणि कार्बुरेटरमधून उलटा जाळ येतो. कचरा असेल. साफ करतो म्हणजे जाईल.

तुमचा,
बन्सी


दौंड,
१६ नोव्हेंबर १९७०

चि. बन्सी यास आशीर्वाद.

तारा गार राहिल्या! मी हे साऱ्या चाळीत सांगितले. पंपावर पाणी भरायला आलेल्या बायकांनासुद्धा सांगितले. तुझी मामी म्हणते, "आता तेवढी दवंडी राहिलीया." तिला बोलू दे. रिटायर झाल्यापासून मला कोणी एक वीटकर उचलायला सांगितले नव्हते, आणि आज शिरूरला एक अख्खा ट्रक माझ्या दोरावर चालतो आहे.

रेल्वेबद्दल सर्जेराव जे बोलले ते मला लागले नाही. थोडे लागले. पण गाडी वेळेत आणलीस की फिटले.

आता त्या खोकल्याचे. तो कचरा नव्हे. मी विचार केला आहे. गाडी रिकामी असताना खोकत नाही, वजन टाकले की खोकते. वजन टाकले की नळ जास्त तापणार. म्हणजे उष्णता अजून आत शिरते आहे. एवढे साधे आहे. आणखी दोर पाठवतो. पहिल्यावर अजून दोन थर चढव आणि मोळी अशी आवळ की आत वारासुद्धा जाता कामा नये.

फेरीच्या दिवशी मी येणार. इतकी वर्षे लोकांची इंजिने गुंडाळली, एकदा आपल्या घरचे बघतो. तारीख ठरली की कळव.

तुझा मामा,
म्हाळू


शिरूर,
२९ नोव्हेंबर १९७०

आदरणीय मामांना जय भीम.

पत्राला उशीर झाला. कामात होतो.

फेरी ठरली. १३ डिसेंबर, रविवार. न्हावऱ्याचे दूध आणि वाटेवरच्या वस्त्यांचे कॅन घेऊन शिरूरला उन्हाच्या आत पोचायचे.

तुमचा दुसरा दोरही मिळाला. त्याचाही उपयोग झाला. मोळीची काळजी करू नका.

मामा, तुम्ही येऊ नये असे वाटते. थंडी फार पडली आहे. गाडी उघडी, वारा अंगावर येतो. फेरी झाली की मीच दौंडला येऊन सगळे सांगेन. मामींना नमस्कार.

तुमचा,
बन्सी


दौंड,
२ डिसेंबर १९७०

चि. बन्सी यास.

तुझे कार्ड मिळाले. कामात होतो, काळजी करू नका, येऊ नका. ज्या पोराने मागच्या पत्रात सर्जेरावांची टोपी पडल्याचेसुद्धा लिहिले, त्याचे हे कार्ड आहे हे मला पटेना. मी ते तुझ्या मामीला दाखवले. ती म्हणाली, "थंडी हाय म्हणतोय, खरंच थंडी हाय." पण तिला पत्रातले कळत नाही.

मी दोन दिवस जेवलो नाही नीट. मला तीन गोष्टी वाटतात. एक, इंजिन बंद पडले आणि तू लपवतोस. दोन, सर्जेराव किंवा दुसरे कोणी म्हणाले असेल की गाडीवाला एक चालवून घेतो, वर त्याचा मामा कशाला हवा. तिसरी गोष्ट लिहिताना हात अडतो, पण लिहितो. तुलाच वाटले असेल की त्या दिवशी दुधापाशी आपली माणसे जितकी कमी दिसतील तितके बरे.

असे असेल तर मला राग नाही. मी शहाणा होऊन लांब उभा राहीन. न्हावऱ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरलेल्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखा. गाडी माझ्यापुढून गेली तरी मी हात वर करणार नाही. पण मला बघायचे आहे रे. माझी मोळी चालताना बघायची आहे.

खरे काय ते लिही. वाईट असले तरी लिही. न लिहिलेले मला जास्त छळते.

तुझा मामा,
म्हाळू


शिरूर,
५ डिसेंबर १९७०

आदरणीय मामांना बन्सीचा साष्टांग जय भीम.

तुमचे पत्र आईला वाचून दाखवले आणि तिने हातातली कणीक तशीच टाकली. "माझ्या भावाला आसं वाटाय लावलंस व्हय रं? लिव. आत्ताच्या आत्ता खरं ते लिव." समोर बसली आहे. म्हणून लिहितो.

तुमच्या तिन्ही गोष्टी चूक आहेत. तुमच्या येण्यावरून कोणी काही म्हटले नाही. तुमची लाज वाटावी असा दिवस माझ्या आयुष्यात आलेला नाही. लाज मला माझीच वाटत होती, कारण तुमची मोळी मी सोडली आणि सांगायला जीभ उचलली नाही. तुम्ही साऱ्या चाळीला सांगून बसला होता.

झाले असे. वरून दोन थर चढवून मोळी आवळली, तर इंजिन जास्तच खोकू लागले. दूध म्हणून पाण्याने भरलेले कॅन लादून न्हावऱ्याच्या रस्त्याला निघालो. चढाला असे फटफट बार की शेतातले बगळे उडाले. गाडी इतकी मंदावली की मागून उसाची बैलगाडी आली आणि पुढे निघून गेली. गाडीवान वळून म्हणतो, "बन्सीभाऊ, यक बैल देऊ का जुपायला?"

कार्बुरेटर साफ करून झाला होता. सगळे करून झाले होते. मग एक प्रयोग केला. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे तो काळा डबा, त्यातून सहा तारा निघतात आणि एकेका प्लगला पाळीपाळीने ठिणगी मिळते. मी चौथ्या प्लगच्या तारेचे डब्याकडचे टोक उपटून काढले. आता त्या तारेत करंट यायला वाटच नाही. प्लग बाहेर काढून, तार लावूनच इंजिनाला टेकवून ठेवला आणि इंजिन चालू केले. तर मामा, ठिणगी! तोडलेल्या तारेला ठिणगी!

तेव्हा कळले. या तारांतला करंट फार जोराचा. तारा एकमेकींना चिकटून लांबवर बांधल्या, त्यात दोघींचे रबर आधीच मऊ पडलेले, की एकीचा करंट शेजारणीच्या अंगात उतरतो. पाळी दुसऱ्याची असते आणि पेट घेतो चौथा. मग तो उलटा जाळ. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "मंग काय तर. सा सुना यका वाकळंत निजवल्यावर, यकीला हाक मारली की चौघी उठणारच की."

म्हणजे उष्णता तुम्ही बरोबर ओळखली होती. तारा गारच होत्या. फक्त एकमेकींना चिकटल्या होत्या. आणि चूक माझीही. तारांचे काम माझे, मला ते कळायला हवे होते. पण तुम्ही सांगितले म्हटल्यावर मी डोके बाजूला ठेवले.

आता काय केले ते ऐका, तुम्हाला आवडेल. मऊ पडलेल्या दोन तारा बदलल्या. जुन्या स्विचबोर्डाची बॅकेलाइटची पट्टी घेऊन तिला फणीसारखी सहा भोके पाडली. प्रत्येक तार आपल्या भोकातून, दुसरीपासून बोटभर लांब. नळावरून जाणारी जवळची वाट सोडून दिली. तारा वरून, इंजिनाच्या डोक्यावरून फिरवून आणल्या आणि थेट आपापल्या प्लगवर उतरवल्या. खाली तेलाच्या डब्याचा पत्रा आडवा लावला.

आणि तुमचा दोर? सगळाच्या सगळा वापरला. मला आठवले, शेडमध्ये तुम्ही तारांना दोर गुंडाळत नव्हता, नळांना गुंडाळत होता. मग मीही धुराच्या नळालाच गुंडाळला. फेऱ्याला फेरा चिकटवून, नखभर फट न ठेवता. उष्णता नळाच्या आतच राहते, वर येतच नाही. पुन्हा पाण्याचे कॅन लादले आणि तोच चढ चढलो. एकदासुद्धा खोकली नाही! त्या गाडीवानाला शोधत होतो, पण तो नेमका भेटला नाही.

शनिवारी मुक्कामाला या. लांब उभे राहायचे नाही. गाडीत बसायचे. आई म्हणते, अंगात कोट घालून या, नाहीतर ती तुम्हालाच दोर गुंडाळेल.

तुमचा,
बन्सी


दौंड,
१५ डिसेंबर १९७०

चि. बन्सी यास मामाचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. काल एसटीत जागा मिळाली. आल्या आल्या चाळीत मोळीची गोष्ट दुरुस्त करून सांगितली. पंपावरच्या बायका म्हणाल्या, "आमाला पयली बी कळली न्हवती, तवा चाललं."

आता लिहितो ते तुला ठाऊक नाही. तू पुढे गाडी चालवत होतास, तुला मागचे दिसले नाही. आणि शिरूरला पोचल्यावर इतकी गडबड झाली, शीतकेंद्राच्या माणसाने एकेका कॅनचे झाकण काढून वास घेतला, शेवटचे झाकण लावून "चाललं" म्हणाला, सर्जेरावांनी "उद्यापास्नं तूच" म्हणून तुझ्या पाठीत थाप मारली, साळू रडायलाच लागली. त्या सगळ्यात मला बोलायला झाले नाही. एसटीतही मी तेच आठवत आलो.

न्हावऱ्याला कॅन सोसायटीच्या हमालाने चढवले. तू मला पुढे बस म्हणत होतास, पण मी मागेच उभा राहिलो, कॅन एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. इंजिन असे चालले होते की मला पायाखाली नुसती गुणगुण लागत होती. मी मधूनमधून वाकून वास घेत होतो. दुधाचा नाही, रबराचा. काही वास नव्हता. मला ओरडावेसे वाटत होते.

मग वाटेवरची ती शेवटची वस्ती आली. पोपटरावांची. तूच जाताना सांगितले होतेस की सोसायटीच्या बैठकीत तुझ्या विरुद्ध बोलले ते हेच, "दूध हाय, शेण न्हवं, कुनाच्याबी गाडीत घालाया" असे म्हणाले होते. तू गाडी उभी केलीस, इंजिन चालूच ठेवलेस. हमाल तुझ्याशेजारी बसून बिडी पेटवत होता, त्याचे लक्ष नव्हते. पोपटराव एकटेच रस्त्याच्या कडेला कॅन घेऊन उभे. वर मी एकटा. माझ्या गळ्यातल्या बाबासाहेबांच्या बिल्ल्याकडे त्यांनी बघितले आणि मी कोण ते त्यांना कळले.

मला सुचेना. खाली उतरून कॅन घ्यावा तर त्यांच्या इतक्या जवळ जावे लागणार. हमालाला हाक मारावी तर वेळ जाणार, ऊन चढत होते. मी तसाच वाकून उभा राहिलो. हात पुढे करावा की नाही, तो अर्धा पुढे आणि अर्धा मागे. ते इंजिनाकडे कान लावून म्हणाले, "बंद पडलं काय?"

मी म्हटले, "न्हाई जी. चालू हाय."

"आवाज न्हाई मंग."

"आता खोकत न्हाई ते."

इतक्यात तू हॉर्न दिलास. तुझ्या मनात काही नव्हते, पण तो हॉर्न ऐकून मी घाबरलो, म्हटले आता हे चिडणार. तर ते म्हणाले, "घ्या की मग. का मी हितंच बसून पिऊ समदं?" आणि कॅन उचलून वर धरला. जमिनीवर ठेवला नाही, बन्सी. वर धरला. माझ्या हातात दिला. भरलेला कॅन, मला एकदम उचलेना, तर त्यांनी खालून हात दिला. एका कडीला त्यांचाही हात होता आणि माझाही. मग तू गाडी सोडलीस.

माझे वय सत्तरीच्या पुढे असेल, आईने तारीख लिहून ठेवली नाही. एवढ्या वयात त्या बाजूच्या माणसाने मला काही हातात दिले असेल तर ते वरून टाकले असेल. खालून वर कोणी दिले नव्हते.

पण काल रात्रीपासून पुन्हा काळजी लागली आहे. ते घाईत होते म्हणून दिला असेल का? का मी म्हातारा, केस पांढरे, म्हणून दिला? का तू हॉर्न दिलास म्हणून? आता मी तिथे नाही. आज सकाळी तुझी गाडी गेली असेल, उद्याही जाईल. तू स्वतः खाली उतर. हमालाला बसू दे बिडी ओढत. तू जाऊन पोपटरावांसमोर हात पुढे कर आणि बघ. कॅन जमिनीवर ठेवून मागे सरकतात का हातात देतात, एवढेच बघ.

आणि बन्सी, या वेळी कामात होतो म्हणू नकोस. जे असेल ते एका कार्डावर लिही आणि त्याच दिवशी टपालात टाक. मी दारातच बसून आहे.

तुझा मामा,
म्हाळू